किकऑफ रद्द करायचा की बदलायचा?

26 मार्च 2024 रोजी फ्लोरिडातील ऑरलँडो येथे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, संघमालकांनी 29 विरुद्ध 3 मतांनी किकऑफची जुनी मांडणी मोडीत काढली. किकऑफ म्हणजे प्रत्येक अर्धाच्या सुरुवातीला आणि गुण झाल्यावर चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे धाडणे. तिच्या जागी जी नवी मांडणी आली, ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला खेळाडू चुकीच्या जागी उभे केले आहेत असेच वाटावे. चेंडूला लाथ मारणारा खेळाडू आपल्या 35 यार्डांच्या रेषेवर, म्हणजे आपल्या गोलरेषेपासून 35 यार्डांवर, एकटा उभा असतो आणि त्याचे दहा सहकारी त्याच्या 25 यार्ड पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या 40 यार्डांच्या रेषेवर, रांगेत थांबलेले असतात. त्यांच्यासमोर अवघ्या पाच यार्डांवर प्रतिस्पर्धी संघाची फळी असते. चेंडू हवेत उडाला तरी यांपैकी कुणालाही हलायची परवानगी नसते. चेंडू जमिनीला किंवा तो झेलणाऱ्या खेळाडूला लागला, की मगच सगळे धावू लागतात.

अमेरिकी फुटबॉलमध्ये दरवर्षी काही ना काही नियम बदलतात, आणि प्रत्येक बदलामागे सुरक्षितता आणि रंजकता ही दोनच कारणे सांगितली जातात. बऱ्याचदा यातले एक कारण खरे असते आणि दुसरे शोभेसाठी जोडलेले असते. किकऑफच्या बाबतीत मात्र दोन्ही कारणे खरी होती, आणि गेली पन्नास वर्षे ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला खेचत होती. म्हणून व्यावसायिक फुटबॉल आपले नियम का बदलते हे समजून घ्यायचे असेल, तर सामन्यातल्या या सात-आठ सेकंदांइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, असे माझे मत आहे.

जुनी पद्धत साधी होती. किक मारणाऱ्या संघाचे सर्व अकरा खेळाडू साधारण एकाच ओळीत उभे राहत, चेंडू उडाला की पूर्ण वेगाने पन्नास-साठ यार्ड धावत जात, आणि समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूवर व त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या त्याच्या साथीदारांवर आदळत. मैदान 100 यार्डांचे, म्हणजे सुमारे 91 मीटर लांबीचे असते, आणि त्यातले अर्ध्याहून अधिक अंतर वेग घेण्यासाठी मोकळे मिळे. शंभर किलो वजनाचा माणूस ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेग घेतो तेव्हा त्याच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढलेली असते; वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. म्हणून किकऑफवरच्या दुखापतींचा दोष खेळाडूंच्या रागाला किंवा बेफिकिरीला देणे मला पटत नाही. इतके अंतर आणि असा वेग नियमानेच त्यांच्या हाती दिला होता.

हा प्रश्न व्यावसायिक लीगच्या जन्माहूनही जुना आहे. 1892 साली हार्वर्ड विद्यापीठाने येलविरुद्धच्या सामन्यात उत्तरार्धाची सुरुवात एका नव्याच डावाने केली. दोन्ही बाजूंनी धावत आलेले खेळाडू पाचरीच्या आकारात एकत्र आले आणि चेंडू घेतलेल्या साथीदाराला मध्ये ठेवून येलच्या फळीवर तुटून पडले. ही कल्पना लोरिन डेलँड या बॉस्टनच्या गृहस्थांची होती. ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते; त्यांना ओढ होती बुद्धिबळाची आणि लष्करी इतिहासाची. डाव इतका परिणामकारक आणि इतका घातक ठरला, की दोनच वर्षांत त्यावर बंदी आली. किकऑफचा चेंडू किमान दहा यार्ड गेलाच पाहिजे हा नियमही त्याच वेळी झाला. पाचरीची कल्पना मात्र मेली नाही. एनएफएलच्या किकऑफमध्ये ती इतकी वर्षे तग धरून राहिली, की 2009 मध्ये लीगला दोनपेक्षा अधिक खेळाडूंनी पाचर करण्यावर पुन्हा बंदी घालावी लागली, आणि 2018 मध्ये ती पूर्णपणे हद्दपार करावी लागली.

1905 च्या हंगामात महाविद्यालयीन आणि शालेय फुटबॉलमध्ये किमान 18 तरुण दगावले. त्या हंगामातच, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, परवानगी मिळाली. आज या खेळाची सारी शोभा ज्या पासवर उभी आहे, तो नियमपुस्तकात शिरला तो जीव वाचवण्याच्या खटपटीतून, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. चेंडू हवेतून दूर जाऊ शकतो म्हटल्यावर बचाव करणाऱ्यांना मैदानभर पांगावे लागले आणि मधोमध होणारी माणसांची घुसळण कमी झाली. त्याच सुमारास पहिल्या डाउनसाठी, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या प्रयत्नांची नवी फेरी मिळण्यासाठी, पाचऐवजी दहा यार्ड मिळवण्याची अट आली. त्यामुळेही निव्वळ रेटारेटीवर भागेनासे झाले. सुरक्षितता आणि रंजकता तेव्हा हातात हात घालून आल्या.

व्यावसायिक लीगची स्थापना 1920 साली ओहायोतील कँटन येथे झाली आणि पहिली बारा-तेरा वर्षे ती महाविद्यालयांचेच नियम वापरत होती. तिने स्वतःची वाट धरली ती मात्र केवळ रंजकतेसाठी, आणि तीही हवामानामुळे. डिसेंबर 1932 मध्ये शिकागोत इतकी कडाक्याची थंडी आणि बर्फ होते, की बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांचा निर्णायक सामना शिकागो स्टेडियमच्या छताखाली, जेमतेम 80 यार्डांच्या मैदानावर घ्यावा लागला. तिथे ब्रॉन्को नागुर्स्कीने रेड ग्रेंजकडे फेकलेल्या पासवर टचडाउन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार गेला. पास फेकणारा त्या काळच्या नियमानुसार डाव सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे होता की नव्हता यावर वाद झाला, आणि पुढच्या वर्षी लीगने ती अटच काढून टाकली. मैदान अरुंद असल्याने चेंडू कडेपासून आत आणून ठेवण्याची तात्पुरती सोय त्या दिवशी केली होती. तीही कायमची झाली.

1978 चे बदलही याच जातीचे. त्याआधीच्या हंगामात प्रत्येक संघाची सरासरी सामन्यामागे 17.2 गुणांवर घसरली होती. बचाव फार वरचढ झाला होता आणि पिट्सबर्गचा मेल ब्लंट समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, मैदानभर ढकलत नेत असे. लीगने रेषेपासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावण्यास मनाई केली आणि क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्याचे, रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून अडवण्याची मुभा दिली. आजचे पासवर चालणारे फुटबॉल तिथून सुरू झाले. त्यानंतर क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या नियमांची मालिकाच लागली. 2008 मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा हंगामाच्या पहिल्याच सामन्यात निकामी झाल्यावर पायांवर झडप घालण्याविषयीचा नियम कडक झाला. 2017 मध्ये अॅरन रॉजर्सच्या गळ्याजवळचे हाड मोडल्यावर क्वार्टरबॅकच्या अंगावर सगळे वजन टाकून पडण्याबद्दलची अंमलबजावणी कठोर झाली. या नियमांनी माणसे वाचतात यात शंका नाही. पण क्वार्टरबॅक जायबंदी झाला की त्या संघाचे सामने कंटाळवाणे होतात आणि दूरचित्रवाणीवर पाहणारे कमी होतात, हेही तितकेच खरे. जिथे सुरक्षितता आणि धंदा एकाच बाजूला असतात, तिथे निर्णय चटकन होतात. म्हणून या नियमांवरून लीगची काळजी किती खोल आहे हे मला ठरवता येत नाही. ते ठरवायला किकऑफच बरा, कारण तिथे काहीतरी गमवावे लागणार होते.

1974 मध्ये किकऑफची जागा 40 यार्डांच्या रेषेवरून मागे 35 वर नेली गेली आणि 1994 मध्ये आणखी मागे, 30 वर. दोन्ही वेळा उद्देश एकच होता: चेंडू गोलरेषेमागच्या एंड झोनमध्ये जाऊन टचबॅक होऊ नये, म्हणजे न धावताच ठरलेल्या जागेवरून खेळ सुरू होऊ नये, कुणीतरी तो झेलून धावावे आणि प्रेक्षकांनी उभे राहावे. त्याची फळेही मिळाली. जानेवारी 2000 मध्ये टेनेसी टायटन्सने बफेलोविरुद्ध अखेरच्या क्षणी किकऑफवरच 75 यार्ड धावून सामना जिंकला. फेब्रुवारी 2007 मध्ये मायामीत सुपर बोलचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याचा, पहिलाच चेंडू शिकागोच्या डेव्हिन हेस्टरने झेलला आणि 92 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. त्या पावसाळी संध्याकाळी सामन्याला अजून पंधरा सेकंदही झाले नव्हते. ज्यांनी तो क्षण पाहिला आहे, त्यांना किकऑफ रद्द करा असे सांगणे सोपे नाही.

आणि त्याच वर्षी, 9 सप्टेंबर 2007 रोजी, बफेलोच्या केविन एव्हरेटला उत्तरार्धाच्या पहिल्या किकऑफवर मानेच्या मणक्याला गंभीर इजा झाली. तो पुन्हा चालू शकला, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे आणि त्याच्या जिद्दीचे यश. एरिक लग्रँडच्या वाट्याला ते आले नाही. 16 ऑक्टोबर 2010 रोजी रटगर्स विद्यापीठाकडून आर्मीविरुद्ध खेळताना किकऑफवरच्या धडकेत त्याला मानेखाली पक्षाघात झाला. न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांपैकी अनेकांची मुले रटगर्समध्येच शिकतात, आणि 1869 मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध महाविद्यालयांमधला पहिला फुटबॉल सामना न्यू ब्रन्सविकला याच विद्यापीठाने खेळला होता. त्यामुळे लग्रँडचे नाव आमच्याकडे खेळाच्या पानापुरते उरले नाही. त्याचा 52 क्रमांक विद्यापीठाने कायमचा निवृत्त केला आहे, आणि वुडब्रिजमध्ये त्याने काढलेले कॉफीचे दुकान एडिसन-आयझेलिनच्या आमच्या रोजच्या रस्त्यांपासून दूर नाही. मुलाला शाळेच्या फुटबॉल संघात जाऊ द्यावे का, हा प्रश्न इथल्या मराठी घरांतही निघतो, आणि तो निघाला की मला तरी लग्रँड आठवतो.

रटगर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी त्यानंतर किकऑफच काढून टाकण्याचा पर्याय मांडला. गुण मिळवलेल्या संघाला चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि पंधरा यार्ड बाकी अशा स्थितीत चेंडू द्यावा आणि बहुतेक वेळा त्याने पंट करावा, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर धाडावा, अशी ती सूचना होती. 2012 मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनीही तिचा जाहीर उल्लेख केला. पण प्रत्यक्षात लीगने निवडली ती मधली वाट. 2011 मध्ये किकऑफ पुन्हा 35 यार्डांवर आला, म्हणजे रंजकतेसाठी 1994 मध्ये मागे घेतलेले पाच यार्ड सुरक्षिततेसाठी परत दिले गेले. टचबॅकचे प्रमाण एका हंगामात सुमारे 16 टक्क्यांवरून 44 टक्क्यांच्या जवळ गेले, आणि किकऑफ परत धावून केलेले टचडाउन 23 वरून 9 वर आले. किकऑफवरच्या कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूला होणाऱ्या दुखापतींमध्ये, सुमारे 40 टक्के घट झाल्याचे लीगने सांगितले. पण नीट पाहिले, तर किकऑफ स्वतः अजिबात सुरक्षित झालेला नव्हता. तो केवळ कमी वेळा घडत होता. जो धावे, त्याला धोका पूर्वीइतकाच होता. 2018 मध्ये ग्रीन बे पॅकर्सचे अध्यक्ष मार्क मर्फी यांनी सांगितले, की साध्या धावेच्या किंवा पासच्या डावापेक्षा किकऑफवर कन्कशन होण्याची शक्यता पाच पट आहे, आणि हे बदलले नाही तर किकऑफच बंद करावा लागेल.

2023 मध्ये आणखी एक पाऊल टाकले गेले. किकऑफ हात वर करून नुसता झेलला, तरी चेंडू 25 यार्डांवर मिळू लागला. त्या हंगामात जेमतेम 22 टक्के किक परत धावल्या गेल्या, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लास व्हेगसला झालेल्या सुपर बोलमध्ये, तो सामना जादा वेळेपर्यंत जाऊनही, एकही नाही. सामन्याची सुरुवात म्हणजे चेंडू डोक्यावरून जाताना बावीस माणसांनी पाहत राहणे, अशी अवस्था झाली. धोका टाळण्याच्या नावाखाली खेळाचा एक अवयव हळूहळू निर्जीव होऊ द्यायचा, हा मार्ग मला कधीच पटला नाही. किकऑफ नको असेल तर शियानोंसारखे स्पष्ट म्हणावे. हवा असेल, तर तो खेळणाऱ्याला मान मोडण्याची भीती न बाळगता खेळता आला पाहिजे.

उत्तर आले ते एका छोट्या, धडपडणाऱ्या लीगकडून. 2020 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या एक्सएफएलसाठी सॅम श्वार्झस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही फळ्या एकमेकींसमोर पाच यार्डांवर उभ्या केल्या. चार वर्षांनी एनएफएलने तीच कल्पना घेतली आणि डॅलसचे जॉन फॅसल, न्यू ऑर्लिन्सचे डॅरेन रिझी यांच्यासारख्या, किकऑफची तालीम घेणाऱ्या प्रशिक्षकांनी तिला आपल्या लीगला साजेसे रूप दिले. मला यातली गंमत वाटते ती अशी, की 1906 मध्ये माणसे पांगवून जीव वाचवले गेले आणि 2024 मध्ये माणसे जवळ आणून. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्ही उपायांचे मर्म एकच आहे: धडकेआधी वेग साठवायला जागा मिळता कामा नये. डोके खाली घालून धडक देऊ नका, असा नियम 2018 पासून आहे आणि त्यासाठी दंडही होतात. पण ज्या क्षणी निर्णय घ्यायला अर्धा सेकंदही नसतो, त्या क्षणी नियमपुस्तकातली सूचना कितीशी आठवणार? पाच यार्डांच्या अंतरात मात्र कुणालाही पूर्ण वेग घेता येत नाही. तिथे खेळाडूच्या संयमावर काहीच अवलंबून राहत नाही.

नवा किकऑफ पहिल्यांदा दिसला तो 1 ऑगस्ट 2024 रोजी कँटनमध्येच, शिकागो आणि ह्यूस्टनच्या सराव सामन्यात. दोनच दिवसांनी त्याच गावी डेव्हिन हेस्टरचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. प्रामुख्याने परत धावणारा म्हणून हा मान मिळवणारा तो पहिलाच. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात अॅरिझोनाच्या डीजे डॅलसने 96 यार्ड धावून नव्या पद्धतीतला पहिला टचडाउन केला. हंगामअखेर परत धावण्याचे प्रमाण 33 टक्क्यांच्या जवळ गेले, आणि अशा धावांमागे कन्कशनचा दर 43 टक्क्यांनी घटल्याचे लीगने जाहीर केले. तरीही दोन तृतीयांश किक परत धावल्या जात नव्हत्या, कारण टचबॅक झाल्यास प्रतिस्पर्ध्याला 30 यार्डांवर चेंडू मिळे आणि बहुतेक प्रशिक्षकांना तेवढे देणे परवडत होते. 2025 मध्ये ही जागा 35 यार्डांवर नेली. पाच यार्डांच्या त्या फरकाने प्रशिक्षकांची गणिते बदलली आणि त्या हंगामात बहुतांश किक परत धावल्या जाऊ लागल्या. लोक पुन्हा किकऑफसाठी वेळेवर टीव्हीसमोर बसू लागले, हे मी माझ्या शेजारपाजारी पाहिले आहे.

या यशाला एक गणिती अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. दर धावेमागे धोका निम्म्यावर आला, पण धावांची संख्या तिप्पट झाली, तर एकूण दुखापती पूर्वीपेक्षा वाढू शकतात. तरीही मी नव्या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण मैदानात उतरलेल्या एकेका माणसाला त्या एका धावेत किती धोका आहे, हाच मला मुख्य प्रश्न वाटतो. पण लीगने केवळ दर सांगून थांबू नये. एकूण आकडा, आणि साध्या डावांमध्ये रोज बसणाऱ्या, कन्कशन म्हणून न मोजल्या जाणाऱ्या लहान हादऱ्यांचा हिशेबही तिने त्याच पानावर मांडावा. माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मेंदूत, त्यांच्या मृत्यूनंतर, डॉ. बेनेट ओमालू यांना 2002 मध्ये वारंवारच्या हादऱ्यांनी झालेली जी हानी आढळली, त्यानंतर हे मागणे अवाजवी म्हणता येणार नाही.

सुरक्षिततेचे कारण नेहमीच इतक्या गांभीर्याने पुढे केले जाते असेही नाही. मे 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या 'टश पुश'वर, म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलत एक-दोन यार्ड मिळवण्याच्या डावपेचावर, बंदी आणण्याचा ग्रीन बेचा प्रस्ताव मतास आला. त्यात सुरक्षिततेचा उल्लेख होता, पण त्या डावामुळे दुखापती वाढल्याचा आकडा कुणी पुढे ठेवला नव्हता. 32 पैकी 24 मते लागतात. 22 पडली आणि बंदी टळली. तो डाव मलाही पाहायला आवडत नाही. तरीही प्रस्ताव पडला याचे समाधान वाटले, कारण न आवडणाऱ्या गोष्टीला घातक म्हणण्याची सवय लागली, तर खरोखर घातक गोष्टींबद्दल बोलणाऱ्यांचे कुणी ऐकणार नाही.

आणि खरोखर वजनाचा प्रश्न नियमपुस्तकात नाहीच. तो वेळापत्रकात आहे. 1978 पासून हंगामात प्रत्येक संघाचे 16 सामने असत; 2021 पासून 17 झाले. त्याला वाट करून देणारा करार 2020 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने 1,019 विरुद्ध 959 मतांनी मान्य केला. अवघ्या साठ मतांचे अंतर! गुरुवारी रात्रीच्या सामन्यांमुळे खेळाडूंना दोन सामन्यांमध्ये कधी कधी चारच दिवस मिळतात, आणि आता अठराव्या सामन्याची भाषा आयुक्त उघडपणे करत आहेत. किकऑफवर प्रत्येक यार्डाचा विचार करणाऱ्या लीगने आणखी एका पूर्ण सामन्यातल्या शेकडो धडकांचाही तसाच, आकडे मांडून, हिशेब द्यायला हवा, आणि तो खेळाडू मतदानाला बसण्याआधी त्यांच्या हातात असायला हवा.